नरकचतुर्दशीचा लोड

आमच्या वस्तीवरून भीमा जवळच. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. माझं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टरमधलं. अण्णा रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर होते. सासर अलीकडे, मांडवगण फराट्याच्या बाजूला, चहूकडून ऊस. दिवाळीत घरावर लायटिंग करायची हौस दोन्ही घरांत सारखीच. फरक एवढाच, की अण्णा आधी वही काढायचे आणि मग शिडी. आमच्या घरी आधी शिडी लागायची.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तीसेक वर्षांपूर्वी स्वतः एक तोरण बांधलं होतं. ४० होल्डर, त्यांत लाल, हिरवे, पिवळे, निळे झिरो बल्ब. गच्चीच्या कठड्यावरून ते सोडलं की रस्त्यावरून जाणारा माणूस गाडी हळू करायचा. अंगणातल्या रांगोळीवर उजेड पडावा म्हणून ५०० वॅटचे दोन हॅलोजन. हे सगळं ओसरीतल्या एकाच ५ अँपिअरच्या सॉकेटमधून, गुंडाळी न सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर चालायचं. वर्षानुवर्षं चाललं, म्हणून कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी वसुबारसेपासून तोरण लागलं. तीन रात्री काही झालं नाही. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला सगळे उठले. गीझर लावला. टाकी अर्धीच होती म्हणून यांनी मोटर सुरू केली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होत्या, थोरलीने नव्या ड्रेसला इस्त्री लावली. बाहेर तोरण आणि दोन्ही हॅलोजन. दोन-चार मिनिटं गेली असतील. काहीतरी जळाल्याचा वास आला आणि मागोमाग खटकन एमसीबी पडला.

घर अंधारात गेलं त्याचं काही वाटलं नाही, देवापुढे समई होती. पण गोठ्यातला दिवाही त्याच लाइनवर होता. आठवड्यापूर्वी शेजारच्या उसाच्या कडेला बिबट्याचे ठसे सापडले होते. आमचा तालुका जुन्नर वनविभागात येतो. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते, हे इथल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. गोठ्यात दोन गायी, एक कालवड. रात्रभर तो दिवा चालू ठेवायचा, हा आमच्या घरचा नियम. आबा ओल्या अंगानेच बॅटरी घेऊन धावले. तिकडून गायीचं हंबरणं ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

काही झालं नव्हतं. ओसरीतलं सॉकेट मात्र तपकिरी पडून वितळलं होतं आणि पिन आत चिकटून बसली होती.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते गणित माझ्याच ओसरीत मी एकदाही केलं नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा अण्णांना सगळं सांगितलं. आमच्या घरी सगळ्यांचं मत होतं की १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवावा, म्हणजे पडणार नाही. अण्णा एकदम गंभीर झाले. म्हणाले, "पोरी, पूर्वी लोक फ्यूजला जाड तार बांधायचे, त्यातलाच हा प्रकार. एमसीबी दिव्यासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. तो पडला म्हणून तुमचं घर राहिलं." मग त्यांनी वही पुढे ओढली. "आधी पिन बघ, मग वायर, मग एमसीबी. उजेड सगळ्यात शेवटी."

त्या दुपारी बाप-लेकीने मिळून केलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. झिरो बल्ब नावालाच झिरो, एकेक १५ वॅट खातो. असे ४० म्हणजे ६००. हॅलोजनचे १०००. झाले १६०० वॅट, भागिले २३०, म्हणजे ७ अँपिअर. आणि पिन ५ ची! सॉकेट पहिल्या रात्रीपासून तापत होतं, आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. शिवाय गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर निघत नाही, ती वेगळीच.

मग घराचा हिशेब. गीझर २०००, एक एचपीची मोटर ओढते साधारण १०००, मिक्सर ७५०, इस्त्री ७५०, फ्रिज आणि घरातले दिवे-पंखे मिळून ३००. यात लायटिंगचे १६०० मिळवले की ६४०० वॅट. जवळजवळ २८ अँपिअर, १६ च्या एमसीबीवर. वस्तीवर पहाटे सगळ्यांचे गीझर एकदम लागतात, एकाच डीपीवरची घरं, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की बल्ब नुसता मंद होतो, मोटर मात्र उलट जास्त करंट ओढते. त्या पहाटे मोटरचा आवाज जड येत होता, ते मला तेव्हा आठवलं.

मला सगळ्यात जास्त चटका लावून गेली ती एक गोष्ट. आम्ही सगळे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची काळजी करायचो, कारण तेव्हा घर सर्वांत जास्त उजळलेलं असतं. पण संध्याकाळी गीझर बंद असतो, मोटर बंद असते. घराचा खरा लोड अभ्यंगस्नानाच्या पहाटे असतो, आणि तेव्हा दिव्यांकडे कुणाचं लक्षही नसतं.

यंदा नवरात्र संपल्यावरच कामाला लागले. तोरण टाकून द्यायला आबा तयार नव्हते, आणि मलाही ते नको होतं. होल्डर तेच ठेवले, ठिकठिकाणी टेप लावलेली कुजकी वायर पूर्ण बदलली, आणि अर्ध्या वॅटचे ४० एलईडी बल्ब शिरूरहून आणले. रंग तेच. ६०० वॅटचं तोरण २० वॅटवर आलं. हॅलोजनऐवजी ३० वॅटचे दोन एलईडी फ्लड. आकाशकंदील आणि वृंदावनाभोवतीच्या माळा धरून सगळं ११० वॅटच्या आसपास. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना निळ्या एलईडीसाठी २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मी वर्गात सांगतेच. लाल आणि हिरवा एलईडी आधीपासून होता, निळा मिळाला आणि पांढऱ्या उजेडाची वाट मोकळी झाली. यंदा ते सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा कठडा होता.

बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं खरं की नाही, ते मीटरवर पाहता येतं. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं छापलं आहे. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटाला एक लुकलुक म्हणजे पावणेएकोणीस वॅट. घरातलं बाकी सगळं बंद करून धाकट्याला मोबाईलवर वेळ लावायला सांगितली आणि मी मोजलं. मिनिटाला सहा. जुनी लायटिंग असती तर पंच्याऐंशी वेळा लुकलुकला असता. रोज सात तास धरले तर पूर्वी दिवसाला अकरा युनिट जायचे, आता पाऊणच्या आसपास. वसुबारस ते त्रिपुरी पौर्णिमा रोज लावलं तरी १५ युनिटांत भागतं. १०० युनिटांच्या वर दर चढतो, तेव्हा हे पैसे लहान नाहीत.

पण हिशेब तिथे संपला असता तर मी हे लिहिलंच नसतं. लायटिंग उतरवली तरी गीझर, मोटर, मिक्सर, इस्त्री मिळून ४५०० वॅट उरतातच, म्हणजे साडेएकोणीस अँपिअर. एमसीबी तरीही पडणार. एवढी वर्षं आम्ही दोष दिव्यांना देत आलो, आणि दिवे त्यातला पाव हिस्सासुद्धा पुरता भरत नव्हते की काय, म्हणून मी भागाकार पुन्हा करून पाहिला. अगदी पाव.

म्हणून चतुर्दशीच्या आदल्या रात्रीच टाकी भरून घेतली. इस्त्री दोन दिवस आधी उरकली. आबांनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून चिंचेने लख्ख केला. गोठ्याच्या दिव्याला मीटरपाशी वेगळा एमसीबी आणि वेगळी लाइन दिली, आणि इन्व्हर्टरही. "जनावरांपाशी अंधार नको, बाकी काय बी बंद पडू द्या," एवढंच आबांचं म्हणणं होतं. वायरमनकडून म्हणाल तर एकच काम करून घेतलं, करंटची गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी. पहाटे दव पडतं, पोरं ओल्या पायांनी अंगणात पळतात, आणि आमचं फाटक लोखंडी आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ नव्याने घालून पाणी सोडलं. फाटकाला माळ गुंडाळायची नाही, हे धाकट्याने नाराजीने का होईना मान्य केलं.

चतुर्दशीला पहाटे चारला उठले. परसात बंब धगधगत होता, धुरात उटण्याचा वास मिसळला होता. आत्यांचा मिक्सर सुरू झाला. मी ओसरीतल्या नव्या सॉकेटला हात लावून पाहिला, गार होतं. मीटरपाशी उभी राहून लाल दिवा मोजायला लागले तेवढ्यात आबांनी हाक मारली, "सूनबाई, पाणी तापलंय, पोरांना पाठव." त्यांच्यामागे गोठ्याचा दिवा जळत होता, आणि कालवड उजेडात उभी राहून आमच्याकडेच बघत होती.