कोटाचे अस्तर

(द्वितीय वर्ष, कला)

'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द मी परीक्षेच्या पेपरात अनेकदा लिहिला आहे. राज्यशास्त्रात विलायतेतला हुजूर पक्ष म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह. शब्दकोशात पाहावे तर पुराणमतवादी, सनातनी, जुने ते धरून ठेवणारा. शब्द कळला, गुण मिळाले, विषय संपला. हाच शब्द एक दिवस माझ्या अंगावर चढेल आणि मला घाम फोडील, असे काही वाटले नव्हते.

त्याचे झाले असे. शहरातल्या एका वित्तसंस्थेने सुट्टीतल्या दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आमच्या महाविद्यालयातून तिघांना मुलाखतीस बोलावले. त्या तिघांत मी होतो. विद्यावेतन मिळणार होते. घरात शेवयांची खीर झाली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर सूचनापत्र आले. वेळ, पत्ता, लागणारी कागदपत्रे, आणि शेवटी एक ओळ : उमेदवारांनी 'कॉन्झर्व्हेटिव्ह बिझनेस ड्रेस'मध्ये यावे.

मी घरात त्या ओळीचे मराठी करून सांगितले, "जुन्या वळणाचा पोशाख घालून या म्हणतात."

आजी लगेच म्हणाली, "मग त्यात काय एवढं! तुझ्या आज्याचं धोतर हाय, बंडी हाय. पटकाबी ट्रंकेत हाय."

आजीचे काय चुकले? आमच्या गावात याहून जुन्या वळणाचा पोशाख दुसरा कुठला आहे? पण तो घालून मी त्या काचेच्या इमारतीत गेलो असतो, तर दारातूनच परत आलो असतो. म्हणजे जुने ते धरून या, पण आमचे जुने; तुमचे नव्हे!

इंग्रजीच्या सरांना विचारले. त्यांनी हसू आवरून मला सगळे शास्त्र सांगितले. सूट गडद निळा किंवा कोळशासारखा करडा. काळा नव्हे, साहेबाच्या रिवाजात काळा हा रात्रीच्या समारंभाचा आणि दुखवट्याचा. आपल्या वकिलांचा आणि रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाचा काळा कोट निराळा, तो गणवेश. सदरा पांढरा, फार तर फिकट निळा. टाय गडद, टोक पट्ट्याच्या बकलाला टेकेल इतकाच लांब. बूट काळे, नाडीचे. पट्टा बुटांच्या रंगाचा. मोजे असे की बसल्यावर पोटरी दिसता कामा नये. कोटाच्या बाहीखाली सदऱ्याची कड अर्धा इंच दिसावी. आणि कोटाचे सर्वांत खालचे बटण लावायचे नाही.

"का नाही लावायचे, सर?"

"सातव्या एडवर्ड राजाचे पोट सुटले होते म्हणून तो लावीत नसे. त्याचे पाहून दरबारही लावीनासा झाला, अशी कथा सांगतात." मग सर थोडे थांबून म्हणाले, "या सगळ्याचे सार एकच आहे. मुलाखत संपल्यावर त्यांना तू आठवावास, तुझे कपडे आठवू नयेत."

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. कपडे असे घालायचे की ते कोणाला दिसूच नयेत! ज्यांच्या घरात तीन पिढ्या कोट आहेत त्यांना ते जमत असेल. ज्याच्या घरात पहिलाच कोट येणार, त्याचा तर अख्ख्या आळीला दिसणार.

ग्रंथालयात बसून मी थोडे वाचले, तेव्हा गंमत कळली. हा साधा, गडद, बिनभपक्याचा पुरुषी पोशाख रूढ करण्याचे मोठे श्रेय ब्यू ब्रमेल नावाच्या लंडनच्या एका शौकिनाला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने रेशीम, भरतकाम आणि भडक रंग बाजूला सारले, आणि गडद कोट, स्वच्छ पांढरे कापड व नेमके माप यांचा आग्रह धरला. हा गृहस्थ पुढे कर्जबाजारी झाला. १८१६ साली सावकारांना चुकवून फ्रान्सला पळाला आणि १८४० साली तिकडेच कंगाल अवस्थेत वारला. वित्तसंस्थेच्या मुलाखतीला ज्याचा कित्ता गिरवून जायचे, तो स्वतः कर्ज बुडवून पळालेला!

दुसरी गोष्ट याहून नवलाची. आज ज्याला आपण सूट म्हणतो, तो आखूड कोट आणि त्याच कापडाची पँट, हा एके काळी फावल्या वेळेतला ढिला पोशाख होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात प्रतिष्ठित माणूस कामाला जाई तो गुडघ्यापर्यंत लांब फ्रॉककोट आणि उंच टोपी घालून. १८९२ साली केअर हार्डी हा मजुरांचा प्रतिनिधी विलायतेच्या पार्लमेंटात गेला. लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. तो साधा जाडाभरडा ट्वीडचा सूट घालून गेला म्हणून केवढा गहजब झाला! सूट घातला म्हणून उद्धट! आणि आज सूट घातला नाही तर उद्धट. तेव्हा सनातन असे काही नसते. ज्याच्याकडे पाहण्याची मोठ्या लोकांना सवय झाली, ते सनातन. एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला लागला, आणि तो शब्दकोशात नव्हता.

पण अर्थ लागला तरी कोट कुठे होता?

आता इथे मला सांगितले पाहिजे की माझे वडील शिंपी आहेत. एस. टी. स्थानकामागे त्यांचे आठ बाय दहाचे दुकान आहे. भिंतीवर नामदेव महाराजांची तसबीर, खाली पायाचे मशीन. अण्णा सातवीपर्यंत शिकले आणि मग एका उस्तादांच्या हाताखाली काजे-बटणे करायला बसले. लेंगा, नेहरू शर्ट, शाळेचे गणवेश हे त्यांचे काम. हल्ली गणवेशही तयारच येतात. उरली ती पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, आणि आईचे फॉल-पिको. एका शिंप्याच्या मुलाला कोटासाठी हिंडावे लागत होते, कारण अण्णांनी आयुष्यात कोट शिवलेला नव्हता. शिवणार कोणासाठी?

तयार कोटाची किंमत विचारून मी दुकानातून मुकाट्याने बाहेर पडलो होतो. भाड्याने मिळत होता तो नवरदेवाचा, जरीच्या वेलबुट्टीचा. शेवटी मी म्हणालो, "राहू दे, नाही जात." अण्णा मशीनवरून न उठता म्हणाले, "मी शिवतो."

ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांत, गडद निळ्या टेरिवूलचे सव्वातीन मीटर कापड निघाले. अण्णांच्या लग्नात उस्तादांनी केलेला तो आहेर. तेवीस वर्षे त्याला कात्री लागली नव्हती.

अण्णांनी आधी मोबाईलवर चित्रफिती पाहिल्या. "डोळ्याला कळतंय, हाताला कळत न्हाई," म्हणाले. मग रविवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले आणि जुन्या बाजारातून दीडशे रुपयांचा एक जुना कोट घेऊन आले. मला वाटले तोच घालायचा. अण्णांनी तो पाटावर पसरला, ब्लेड घेतले आणि शिवणीशिवणीने उसवला. एखाद्या डॉक्टरने करावे तसे.

वरचे कापड आणि अस्तर यांच्या मध्ये तिसरेच एक कापड निघाले. राठ, घोड्याचे केस घालून विणलेले. छातीला गोलाई येते ती त्याने. पुढे उलटणाऱ्या पट्टीत, ज्याला लॅपल म्हणतात, शेकडो तिरपे टाके होते. इतके बारीक की वरून एकही दिसू नये. पट्टी आपोआप वळते ती त्या टाक्यांनी. अण्णा बराच वेळ त्यावरून बोट फिरवीत राहिले. "आता हे कोण करतो? बकरम इस्त्रीनं चिकटवायचा, झाला कोट. पण डिंक सुटला की कापडाला फोड येतात," ते म्हणाले.

त्यानंतरच्या बारा रात्री आमच्या दुकानात दिवा होता. बाहीचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा मोठा कापायचा, आणि जादा कापड चुणी न पडू देता वाफेने मुरवायचे, ही खरी मेख. डावी बाही अण्णांनी चार वेळा उसवली. रात्री अकराला मला उठवून कच्च्या टाक्यांचा कोट घालायला लावीत. हात वर कर, पुढे घे, खाली बस. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणे फक्त हुंकारांनी. मी जांभया देत उभा राही. एका माणसाची परीक्षा चालली होती आणि मला वाटत होते की ती माझी आहे.

मुलाखतीच्या दिवशी पहाटे अण्णा मला एस. टी.वर सोडायला आले. चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे : निळा सूट, हातात पुस्तक, बोट वर केलेले. अण्णा तिथे थांबले. आधी पुतळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "लॅपलची रुंदी ह्याच्यावरनं धरली. वीस वर्सं बघतोय हा कोट. खांदा चांगला धरलाय त्या मूर्तिकारानं."

गाडीत मी त्याच विचारात होतो. १९२१ साली मदुरेला गांधीजींनी अंगावरचे कपडे पंचापर्यंत आणले, आणि १९३१ साली ते तसेच बादशहाच्या राजवाड्यात गेले. त्याच गोलमेज परिषदेला बाबासाहेब सुटात होते. गांधीजींनी ऐन तारुण्यात लंडनला सूट घातला होता. त्यांना तो उतरवता आला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगले कपडे घालू दिले नाहीत, त्यांनी काय उतरवायचे? १९२७ सालच्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे नेसण्याची आणि दागिन्यांची जी तऱ्हा तुमची अस्पृश्यता ओळखू देते, ती सोडून द्या. कपडे दिसू नयेत, हा साहेबाचा नियम. आणि इथे एक माणूस असा की त्याचा कोट सगळ्यांना दिसावा, चौकाचौकांत दिसावा, हेच त्याचे काम. दोन्ही कोट एकाच मापाचे. अर्थ मात्र उलटे!

वाचक हो, इतके उदात्त विचार करीत मी त्या काचेच्या इमारतीत शिरलो, आणि तिथे काय केले ते आता लिहितो.

एप्रिलचे ऊन होते. आम्हा उमेदवारांखेरीज कोट फक्त दाराशी उभ्या असलेल्या दरवानाच्या अंगात होता. आत मुलाखत घेणारे तिघे साध्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, गळा उघडा. सनातन धर्म पुन्हा बदलला होता, फक्त सूचनापत्राला ते कळलेले नव्हते. प्रश्न झाले. अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'बिझनेस' असे लिहिले होते. ते काही खोटे नव्हते. मग मधले वयस्क गृहस्थ माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "कोट फार छान बसलाय तुझा. कुठून घेतलास?"

किती साधा प्रश्न! आणि मी एका मोठ्या कंपनीच्या शोरूमचे नाव सांगितले. विचार करून नव्हे. जीभच तशी वळली. ते म्हणाले, "वाटलंच." आणि पुढचा प्रश्न विचारला.

बारा रात्री, चार वेळा उसवलेली बाही, तेवीस वर्षे जपलेले कापड... एका शब्दात मी ते सगळे दुसऱ्याच्या नावावर करून आलो. कोटाला आतून नाव नव्हते, म्हणून हवे ते नाव चिकटवता आले.

निवड माझी झाली नाही. आमच्यातल्या दुसऱ्याची झाली, आणि तो माझ्यापेक्षा हुशार आहे. त्याचे दुःख आठवड्यात विरले.

रात्री घरी आलो तेव्हा अण्णा जागे होते. मुलाखतीचे काहीच विचारले नाही. म्हणाले, "खांदा?"

"छान बसलाय म्हणाले."

"आपणहून म्हणाले?"

"हो."

अण्णांनी मान हलवली आणि ते झोपायला गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते माझ्या बारावीच्या निकालालाही मी पाहिले नव्हते.

मला झोप आली नाही. मी दुकानाची किल्ली घेतली. मशीनच्या खणात एक डबा आहे. दुकान काढले त्या वर्षी अण्णांनी हौसेने विणून आणलेल्या दुकानाच्या नावाच्या पट्ट्या त्यात आहेत. पुढे लेंग्याला पट्टी कोण लावणार, म्हणून डबा तसाच राहिला. त्यातली एक घेऊन कोटाच्या आतल्या खिशावर, अस्तराला, मी हाताने शिवली. मला नीट टाका येत नाही. शिंप्याच्या मुलाला टाका येत नाही, हेही या लेखात येऊन जाऊ दे.

सकाळी अण्णा खुंटीवरचा कोट उतरवून उजेडात धरून उभे होते. मला वाटले, आता विचारतील. त्यांनी पट्टीवर बोट फिरवले, चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, "टाका चुकलाय."

मग ते खाली बसले, माझे टाके एकेक करून उसवले, आणि पट्टी पुन्हा सरळ लावून शिवायला घेतली. का लावली, हे त्यांनी विचारले नाही. हा अंक मी घरी नेईन तेव्हा त्यांना कळेल.