काही न सांगणाऱ्यासाठी

कॉम्पोनंट लिहिणारा दहा ऑप्शन देतो, वापरणारा त्यातले दोन भरतो. उरलेल्या आठांचा निकाल त्याच्या वतीनं आधीच लावलेला असतो. बूटस्ट्रॅपच्या कॅरुसेलची स्लाइड ५००० मिलिसेकंदांनी सरकते. हा आकडा ज्यांनी कधी पाहिलाच नाही, त्यांच्याही साइटवर ती तेवढ्यानंच सरकते.

•

टपरीवर नुसता चहा मागितला तर साखर घातलेला येतो, त्यात गैर काही नाही. ‘साखर शून्य’ असं बजावूनही गोडच आला तर मात्र भांडण होतं. डिफॉल्ट भरण्यासाठी दोन उभ्या रेघा (||) वापरल्या की जावास्क्रिप्टमध्ये नेमकं हेच होतं. शून्य, फॉल्स, रिकामी स्ट्रिंग, सगळ्यांना ‘काही सांगितलं नाही’ याच खात्यात टाकलं जातं. विलंब ० मागितला तरी डिफॉल्टचा ३०० पदरात पडतो. ईएस२०२० मध्ये ?? आलं, ते फक्त नल आणि अनडिफाइन्ड या दोघांनाच रिकामं मानतं.

•

फंक्शनचे डिफॉल्ट पॅरामीटर (ईएस२०१५) त्याहून कडक: ते फक्त अनडिफाइन्डला लागू होतात, नल आला तर नलच राहतो. जेसनमध्ये अनडिफाइन्ड नसतोच, रिकाम्या रकान्यात बहुधा नल येतो. सर्व्हरकडून आलेले ऑप्शन जसेच्या तसे पुढे ढकलणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

•

जेक्वेरी प्लगिनची ती जुनी ओळ: एक्स्टेंड, त्यात आधी रिकामा ऑब्जेक्ट, मग डिफॉल्ट, मग वापरणाऱ्याचे ऑप्शन. पहिला रिकामा ऑब्जेक्ट उगाच नाही. तो गाळला तर डिफॉल्टच बदलतात आणि पानावरच्या दुसऱ्या स्लायडरला पहिल्याचा वेग लागतो.

आणखी एक फरक. एक्स्टेंड अनडिफाइन्ड किमती वगळतं. ऑब्जेक्ट.असाइन आणि स्प्रेड त्या इमानेइतबारे उतरवून घेतात, म्हणजे डिफॉल्ट पुसला जातो. जुना कोड नव्या पद्धतीत नेताना नेमकं इथं तपासा.

•

ऑप्शनच्या आत ऑप्शन आले की डीप मर्जचा मोह होतो. लोडॅशचं मर्ज ॲरेसुद्धा क्रमांकानुसार जुळवतं. डिफॉल्टमध्ये तीन बटणं असली आणि वापरणाऱ्यानं एकच दिलं, तर त्याचं एक आणि आपली उरलेली दोन अशी खिचडी तयार होते. शिवाय बाहेरून आलेल्या डेटातल्या __प्रोटो__ सारख्या कीमधून सगळ्या ऑब्जेक्टांचा प्रोटोटाइप बिघडवता येतो. २०१९ मध्ये जेक्वेरी (३.४.०) आणि लोडॅश (४.१७.१२) या दोघांनाही अशी भगदाडं बुजवावी लागली. ऑप्शन सपाट ठेवले तर हा प्रश्नच उरत नाही.

•

व्ह्यूमध्ये प्रॉपचा डिफॉल्ट ॲरे किंवा ऑब्जेक्ट असेल तर तो फंक्शनमधून द्यायचा, म्हणजे प्रत्येक इन्स्टन्सला स्वतःची प्रत मिळते. रिॲक्ट १९ नं फंक्शन कॉम्पोनंटसाठी डिफॉल्टप्रॉप्स काढून टाकले. आता साधे डिफॉल्ट पॅरामीटर. पण तिथं रिकामा ॲरे लिहिला तर प्रत्येक रेंडरला नवा तयार होतो आणि त्यावर अवलंबून असलेला इफेक्ट पुन्हा पुन्हा धावतो. असा ॲरे कॉम्पोनंटच्या बाहेर कॉन्स्टंट म्हणून ठेवावा.

•

एचटीएमएलमध्ये डिसेबल्डची किंमत ‘फॉल्स’ लिहिली तरी बटण बंदच राहतं. बूलियन ॲट्रिब्यूट नुसतं असणं म्हणजेच ‘हो’. कस्टम एलिमेंटचा बूलियन ऑप्शन म्हणून असा बेतावा, की त्याचा डिफॉल्ट फॉल्स असेल.

•

इंटल.नंबरफॉरमॅटला मराठी लोकेल दिलं तर अंक देवनागरीत येतात: १२,३४,५६७. हिंदी लोकेलला मात्र इंग्रजी अंक. लोकेल दिलंच नाही तर ज्या यंत्रावर कोड चालतो त्याचं घेतलं जातं, आणि सर्व्हरचं एक, ब्राउझरचं दुसरं असू शकतं. रकमा दाखवणाऱ्या कॉम्पोनंटनं लोकेल आणि अंकपद्धती दोन्ही स्वतः सांगावीत.

•

डिफॉल्ट बदलला तर टाइप तोच राहतो, कंपायलर गप्प बसतो. फटका बसतो तो ज्यांनी काहीच सांगितलं नव्हतं त्यांना, आणि त्यांनाच कारण कळत नाही. म्हणून सगळे डिफॉल्ट फाइलच्या माथ्यावर एकाच जागी लिहा, आणि त्यातला एक जरी बदलला तरी मेजर आवृत्ती काढा.