दवाखान्यापलीकडचे नागपूर

वाचकहो, आपल्या नेर तालुक्यात कोणी नागपूरला निघाला म्हटले, की शेजारी पहिला प्रश्न करतात, "कोणाची तब्येत बिघडली?" शेतकऱ्याच्या घराला मोठे शहर ठाऊक असते ते दवाखान्यापुरते. आमचेही तसेच होते. वडिलांच्या आजारपणात माय सतरा दिवस नागपूरच्या एका दवाखान्याच्या वऱ्हांड्यात राहिली. जाताना दोघे गेले, परतताना ती एकटी आली. पुढे कित्येक वर्षे ती नागपूरचे नाव काढू देत नसे. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरवले, की मायला एकदा धडधाकट असताना तिकडे न्यायचे.

"एवढी सवड कुठे आहे?" असे तुम्ही म्हणाल. पण कापसाच्या दोन वेचण्यांमध्ये थोडी उसंत सापडतेच. त्यातले दोन दिवस आम्ही काढले. हरभऱ्याच्या ओलिताची पाळी चुलतभावाने पत्करली, गोठा शेजाऱ्याने सांभाळला. ते जातील तेव्हा त्यांचे आम्ही पाहू. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते. त्या दिवसांत मोर्च्यांनी रस्ते अडतात, मुक्कामाला खोलीही लवकर मिळत नाही. म्हणून आम्ही संक्रांत होऊ दिली.

यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी अशी ही वाट सुमारे पावणेदोनशे किलोमीटरची आहे. पहाटे धुके असते आणि कापसाच्या गाड्यांना मागे दिवा असेलच असे नाही. तेव्हा उजाडल्यावरच निघावे. कळंबला पायऱ्या उतरून चिंतामणीचे दर्शन घेतले. सेवाग्रामला शिदोरी सोडली. गांधीजी 1936 साली येथे राहायला आले. बापू कुटीच्या मातीच्या भिंती पाहून माय म्हणाली, "हे तं आपल्यासारखंच घर आहे!" तिच्या मनातली शहराची धास्ती तिथेच थोडी कमी झाली.

नागपूरच्या गर्दीत गाडी घालण्याऐवजी ती खापरी स्थानकाजवळ ठेवली आणि मेट्रोने सीताबर्डीला गेलो. ही मेट्रो 2019 साली सुरू झाली. मुलांना तीच मोठी मौज! महाराजबागेत प्राणी पाहिले. ही बाग आपल्याच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. 1863 साली स्थापन झालेला अजब बंगलाही जवळच आहे. तिथे जुनी हत्यारे, नाणी, मूर्ती पाहता पाहता दुपार झाली. सायंकाळी दीक्षाभूमीवर गेलो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जिथे धम्मदीक्षा घेतली, ती ही जागा. स्तुपाच्या आत सारे निवांत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आपणहून म्हणाली, "त्या दवाखान्यावरून चला." आम्ही एकमेकांकडे पाहिले, पण नेले. फाटकासमोर ती थोडा वेळ उभी राहिली. जिथे ती चूल मांडायची ते झाड तिने नातीला दाखवले. शेजारी एक बाई लहान लेकराला घेऊन बसली होती. आमच्या डब्यात उरलेल्या दशम्या मायने तिच्या हाती दिल्या. परतीच्या वाटेवर ती एवढेच बोलली, "तुह्या बाले हे काही पाहाले भेटलं नाई."

मंडळी, त्या एका वाक्यासाठी हे लिहिले. आपण बियाण्याचा, खताचा, लग्नाचा हिशेब आधीपासून मांडतो. घरातल्या माणसांना चार गोष्टी दाखवण्याचा खर्च मात्र नेहमी पुढच्या हंगामावर ढकलतो. हंगाम दरवर्षी येतो, पण म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दरवर्षी तसेच राहत नाहीत. यंदाच्या कापसाचे पैसे हाती आले, की त्यातले थोडे वेगळे बांधून ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, "तुम्हाले काय पाहाचं आहे?" आमच्या मायने आता पंढरपूरचे नाव काढले आहे.