ठोक्याला जागा दे

मुरुड, जि. रायगड

प्रिय बाळा,



टोनी ॲलनचा 'देअर इज नो एंड' तू पाठवल्यापासून घरात तोच चालू आहे. तुझं गाणंही ऐकलं. दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते, कारण तुझ्या गाण्यात जे खटकलं त्याचं उत्तर त्या अल्बमातच आहे.

हा टोनी नायजेरियात, लागोसच्या रेडिओवर तंत्रज्ञाची नोकरी करता करता स्वतःच ड्रम शिकला. आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच यांच्याकडे कान लावून शिकला. १९६४ मध्ये तिथला गायक फेला कुटीने त्याला आपल्या ताफ्यात घेतलं आणि पुढची पंधरा वर्षं दोघांनी मिळून जे घडवलं तो अफ्रोबीट. त्यात योरुबा ताल आले, पश्चिम आफ्रिकेचं हायलाइफ आलं, अमेरिकेचा जाझ आला आणि जेम्स ब्राउनचा फंकही आला. टोनी ३० एप्रिल २०२० रोजी पॅरिसमध्ये गेला. हा अल्बम बरोबर वर्षाने, त्याच तारखेला निघाला. तरुण रॅपरांना मोकळं रान द्यायचं, ही त्याचीच इच्छा. ठेके त्याने वाजवून ठेवले होते; त्यांवर बोलणारे बरेचसे नंतर आले. स्केप्टा, डॅनी ब्राउन, सम्पा द ग्रेट ही नावं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता एक कर. हेडफोन लाव आणि बाकी सगळं सोडून फक्त त्याच्या पायाकडे लक्ष दे. मोठा ड्रम दर मात्रेला आदळत नाही. एकदा येतो, लगेच दुसऱ्यांदा येतो आणि मग चक्क गप्प बसतो. त्या रिकाम्या जागेत हाय-हॅट किंचित उघडते, स्नेअरवर काठी ऐकू येईल न येईल अशी निसटून जाते. दोन हात, दोन पाय, चौघे जण गप्पा मारत बसल्यासारखे. कुणी कुणाला मधेच तोडत नाही. म्हणून रॅपरला शब्द ठेवायला जागा मिळते. तुझ्याकडे विकत घेतलेला अफ्रोबीटचा लूप आहे, त्यावर कोळीगीताची चाल आणि त्यावर रॅप. सगळे एकदम बोलतात. ढोलकीचा सहा मात्रांचा झोका तू चारांच्या चौकटीत कोंबलास, त्यात तिचा डौलच गेला. आफ्रिकेच्या तालांत सहा आणि चार शेजारी शेजारी सुखाने नांदतात. तिथेच तर सगळी गंमत आहे.

आफ्रिका आणि कोळीवाडा यांचा मेळ घालतोयस म्हणून मला आनंद झाला, आणि थोडी हुरहूरही लागली. हा मेळ इथे जुना आहे रे. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जातोस, तो किल्ला आफ्रिकेहून आलेल्या सिद्दींचा. त्यांची सत्ता थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. खोकरीला त्यांच्या कबरींचे दगडी घुमट अजून उभे आहेत. मुरुडच्या दरबारात संगीताला मान नव्हता असंही नाही. नवाब सिद्दी अहमद खानांच्या बेगम नाझली, त्यांची बहीण अतिया फैझी. या अतियाबाईंनी १९१४ साली भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि त्यांचे पती चित्रकार सॅम्युएल फैझी-रहमिन मूळचे पुण्याच्या बेने इस्राएल घराण्यातले. म्हणजे बघ, एका घरात किती किनारे एकत्र आले होते! पण त्या पुस्तकाचा विषय राग-रागिण्यांचा. आफ्रिकेचा ढोल राखला तो गुजरातच्या सिद्दी फकिरांनी. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर त्यांचा 'धमाल' नाच चालतो. पायांवर उभा असलेला उंच मुगरमान ढोल, आणि मालुंगा म्हणजे एका तारेचं, भोपळा लावलेलं धनुष्य. माझ्या मते दरबाराने मान मिळवला आणि ढोल गमावला. फकिरांकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांचा ढोल राहिला. लागोसचा लूप घेण्याआधी रतनपूरला जाऊन ये. आणि तिथल्यांचं वाजवणं घेतलंस तर त्यांची नावं गाण्यावर घाल, पैसे त्यांच्या हातात दे.

रॅपसाठीही लांब जायला नको. आपल्याकडच्या जाखडीत गाणारे आणि मृदंगवाला मधे बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात, आणि शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर रात्रभर एकमेकांना सवाल-जवाब करतात. समोरच्याने टाकलेला प्रश्न झेलून, त्याच्याच यमकात त्याला गप्प करायचं. असा शाहीर तुझ्या माइकपुढे उभा कर आणि मग बघ.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेलाचं संगीत नाचवतं, पण ते रागातून जन्मलं. 'झोम्बी' या गाण्यात त्याने हुकमाच्या ताबेदार लष्कराची खिल्ली उडवली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सैनिकांनी त्याचं कलाकुटा हे राहतं घर जाळलं, त्याच्या आईला खिडकीतून खाली फेकलं. दुसऱ्या वर्षी ती गेली. तरी तो वाजवत राहिला. तुझ्या गाण्यात मात्र नऊवारी, नारळी पौर्णिमा आणि पापलेट. कोळीवाड्यात सध्या कशावर बोलणं चालतं ठाऊक आहे? पर्ससीनवाले आणि रात्री एलईडी लावून मासे ओढणारे यांच्यावर. केंद्राने २०१७ मध्ये त्या दिव्यांना बंदी घातली, तरी समुद्रात दिवे दिसतातच, आणि छोट्या होडीवाल्याचं जाळं हलकं येतं. डिझेलचा खर्चसुद्धा सुटत नाही. हे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच आगरी-कोळी बोलीत येऊ दे.

तुझ्या गाण्यासाठी इथल्या खालूबाजावाल्यांशी मी बोलले आहे. सनई, ढोल, टिमकी सगळे यायला तयार आहेत, पण शिमग्यात पालख्यांच्या सुपाऱ्या आहेत, त्यानंतरच मोकळे होतील. बिदागी आधी ठरव, आगाऊ काही दे. क्लिक ट्रॅक त्यांच्या कानात घालू नकोस. आधी त्यांना त्यांच्या चालीने वाजवू दे, ड्रमवाला त्यांच्यामागून जाईल. राहायला आपलं घर आहेच. माइक आणि वायरी तेवढ्या घेऊन ये. आईला सांग, सोडे वाळत घातलेत, तुझ्याबरोबर पाठवीन.

तुझी,
मावशी