गव्हाच्या पोटातली रेघ

कॉफीची भाजलेली बी तळहातावर उपडी ठेवली तर गोलसर पाठ दिसते. उताणी केली तर सपाट पोट दिसतं आणि त्याच्या मधोमध एक वाकडी रेघ. गव्हाचा दाणाही असाच उलटून पाहावा, त्याच्या पोटावरही रेघ आहे. कॉफी हे डोंगरउतारावर सावलीत वाढणारं झुडूप, गहू हे उघड्या रानातलं गवत. दोघांचं कूळ वेगळं, हवा वेगळी. तरी ज्याच्यावर दोन्ही साफ करायची वेळ आली आहे त्याला ही रेघ सारखीच ओळखीची वाटेल. गव्हाच्या रेघेत माती बसते. कॉफीच्या रेघेत पातळ चंदेरी साल दडते, आणि बी फोडल्याशिवाय ती सुटत नाही.

ही साल काढणारं यंत्र मी नागपुरात एका कॉफी भाजणाऱ्याकडे पाहिलं. खोली लहान, यंत्र छतापर्यंत पोचलेलं. भाजलेल्या बिया आधी एका उभ्या नळीच्या तोंडाशी येत होत्या आणि नळीतला वारा त्यांना वर ओढून घेत होता. यामागचा हिशोब मला फार आवडला. बी भाजली की फुगते आणि हलकी होते. दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत तिच्यातलं पाणी जातं, वजन साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी घटतं, आकार मात्र दीडपटीच्या घरात जातो. खडा भट्टीतून जाऊनही खडाच राहतो. त्यामुळे बी वाऱ्याबरोबर वर जाते आणि खडा खाली उरतो. शेतातून, खळ्यातून, पोत्यातून लपतछपत आलेला खडा विस्तवाच्या परीक्षेनंतर असा उघडा पडतो.

पुढे दोन खाचदार रूळ एकमेकांकडे फिरत होते, एक जरा जोरात, एक जरा हळू. त्यांच्यामधून बी गेली की तिचा चुरा होत नव्हता, पाच-सहा तुकडे होत होते. आमच्याकडचा नेमका शब्द म्हणजे ती भरडली जात होती. भरडताना पोटातली रेघ उकलते आणि आतली साल मोकळी होते. त्या सालीला पुन्हा वारा उचलतो, एका गोल डब्यात भिरभिरवतो आणि खालच्या पिशवीत टाकतो. पिशवीत हात घातला तर हातात काही आहे असं वाटेना. मुरमुऱ्याच्या फोलकटाहूनही ती हलकी होती. साल गेलेले तुकडे मग आणखी जवळ बसवलेल्या रुळांमधून जात आणि त्यांची पूड होई.

यंत्र चालवणारा कारागीर सारखा एका झडपेशी खेळत होता. ती बोटभर उघडायची, केसभर मिटायची. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वारा जास्त झाला तर माल उडून जाते मॅडम, कमी झाला तर साल राहते." त्याने कान यंत्राला लावले होते आणि डोळे काचेच्या खिडकीला. त्या यंत्राकडून मागणी एवढीच, की वाऱ्याने साल न्यावी आणि वास ठेवावा. मला ती फार मोठी मागणी वाटते, कारण साल आणि वास दोघेही वाऱ्याचेच सोयरे. त्यात रूळ तापले तर वास आधी जातो. म्हणून मोठ्या कारखान्यांत रुळांच्या पोटातून गार पाणी फिरवतात.

मी तिथे उभी होते आणि मला सारखी पवनारची पडवी दिसत होती.

आमच्या घरात 'कॉफी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो गव्हासाठी. वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीपासून थोड्याच अंतरावर, आजीचं घर. आजोबा खादी घालत, चहाला शिवत नसत, आणि पाहुणा आला की आत हाक जाई, "कॉफी ठेवा." ती कॉफी म्हणजे भाजलेल्या गव्हाची पूड. शिकायला नागपूरला गेल्यावर कुणीतरी खऱ्या कॉफीचा कप पुढे ठेवला तेव्हा मला वाटलं, हिच्यात गहू जरा जास्तच जळलेत.

आजीची रीत ठरलेली होती. गहू सुपात घेऊन आधी घोळायचे. सूप हातात गोल फिरवलं की जड खडे एका बाजूला जमतात. मग पाखडायचे. मनगटाचा एक झटका, दाणे वर, सूप खाली, आणि त्या दोहोंच्या मधल्या पोकळीत जो वारा तयार होतो तो कोंडा पुढे फेकतो. पंखा नाही, झडप नाही. झडपेचं काम मनगट करतं. मग कढई, मंद आच आणि लाकडी उलथणं. दाणा आधी पिवळा, मग लाल, मग तांबूस काळा. मी घाई करायची. आजी म्हणायची, "घाई कायले करतं वो माय? भाजू दे त्याले." पण नेमक्या वेळी घाई तीच करायची. काळा रंग येतोय असं दिसायच्या आत ती कढई उतरवून सगळे गहू परातीत पसरायची. कढईत काळा दिसला म्हणजे उशीर झाला, कारण विस्तव बंद झाला तरी दाणा स्वतःच्या उष्णतेने भाजतच राहतो. नागपूरच्या त्या खोलीत भट्टीखालच्या मोठ्या गोल परातीत गरम बिया फिरत होत्या आणि खालून वारा त्यांना निववत होता. मी त्या कारागिराला म्हटलं, ही आमच्या आजीची परात. तो हसला आणि कामाला लागला.

ही रीत आजीने कुणाकडून घेतली ते तिने कधी सांगितलं नाही. पण ती छापलेली आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवलं. १५ ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच गेले. पंचवीस वर्षं सावलीसारखा असलेला माणूस सहा दिवसांच्या कैदेत गेला. त्यानंतर बारा दिवसांनी, २७ ऑगस्टला, गांधीजींनी आरोग्यावरचं एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं आणि १८ डिसेंबरला संपवलं. मराठीत ते 'आरोग्याची गुरुकिल्ली' म्हणून ओळखलं जातं. त्यात चहा-कॉफीबद्दल सांगताना ते गव्हाच्या कॉफीची कृती देतात. गहू नीट साफ करावे, लाल होऊन काळपट होऊ लागेपर्यंत भाजावे, कॉफीसारखे दळावे, कपात चमचाभर पूड घालून उकळतं पाणी ओतावं, जमल्यास मिनिटभर विस्तवावर ठेवावं. दूध-साखर आपल्या सोयीने. ते पान मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्या महालाच्या बागेतली ताजी समाधी आठवते. एवढ्या मोठ्या दुःखात, देश पेटलेला असताना, एक म्हातारा कैदी दाणा किती भाजावा हे लिहीत बसला होता. मला यात काहीच लहान वाटत नाही. दुःखात माणसं हाताशी असलेलं काम नीट करतात, तसंच ते आहे.

दळण गांधीजींच्या फार आधीपासून अंगवळणी पडलेलं होतं. जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी सात पौंडांना हाताने चालवायची चक्की घेतली होती. तिचं लोखंडी चाक एकट्याला जड जाई, दोघांना सोपं. गांधीजी, त्यांचे मित्र पोलक आणि मुलं ते फिरवत. पुढे वर्ध्यात १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेतल्या मगनवाडीत अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, गूळ, हातसडीचे तांदूळ यांचा संसार मांडला. गिरणीत तांदूळ पांढरा होईपर्यंत घासला की त्याचं सत्त्व कोंड्याबरोबर निघून जातं, हे कुमारप्पा पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कोंडा किती काढायचा हा त्यांच्यासाठी अर्थशास्त्राचा प्रश्न होता. माझ्यासाठी तो त्या झडपेचाच प्रश्न आहे. काय उडू द्यायचं आणि काय राहू द्यायचं, आणि हे कुणाच्या हाताने ठरायचं.

पवनारला तर साफ करण्याच्या कामाला वेगळीच प्रतिष्ठा आहे. विनोबा १९३८ साली इथे आले तेव्हा प्रकृती पार खालावलेली होती. धामेच्या पुलावरून पलीकडे जाताना सगळा भार सोडल्याचं ते मनाशी म्हणत गेले. बजाजांच्या बंगल्यात राहून त्यांनी रोज जमीन खणायला सुरुवात केली, आणि त्या खणण्यात राम-भरत भेटीचं दगडी शिल्प वर आलं. पुढे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने गावात उत्खनन केलं. वाकाटकांचा दुसरा प्रवरसेन, त्याची प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच पवनार, असं मत इतिहाससंशोधक मिराशींनी मांडलं होतं. उत्खनन म्हणजे तरी काय? माती चाळायची, खापर वेचायचं, जे फेकायचं ते फेकायचं. धामेच्या काठी राजधानीही चाळणीतूनच शोधावी लागते.

१९५९ साली पवनारला विनोबांच्या ब्रह्मविद्या मंदिराची, म्हणजे बहिणींच्या आश्रमाची, स्थापना झाली. इथल्या बहिणी आपलं काम आपल्या हाताने करतात, मग ते शेताचं असो, स्वयंपाकाचं असो की झाडलोटीचं. उतारवयात विनोबा आश्रमाच्या आवारात एकेक काडी, एकेक कचऱ्याचा कण वेचत असत आणि त्या वेचण्याला जप मानत. काडी उचलली की एक नाम. लहानपणी मला हे ऐकून नवल वाटायचं, आता वाटत नाही. सुपापुढे तासभर बसलेली कुठलीही बाई हे जाणते. खडा दिसायला लागतो तो डोळे बारीक करून नव्हे. बाकीचं सगळं विसरलं की तो दिसतो.

गेल्या हिवाळ्यात चिखलदऱ्याहून परत येताना मी अर्धा किलो भाजलेल्या बिया आणल्या. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की मेळघाटातल्या त्या गावाचंच नाव येतं. हजार मीटरच्या वरची थंड हवा आणि मोठ्या झाडांची सावली तिला मानवते. वाट वाकडी करून पवनारला उतरले. आजी आता नाही. आत्याबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. आजीचं जातं पडवीत त्याच जुन्या कोपऱ्यात आहे. त्यांनी पिशवी हुंगली आणि विचारलं, "गहू कुठले हे?"

"गहू नाहीत आत्याबाई. खरी कॉफी आहे."

"मंग आपली काय खोटी होती काय?"

मी गप्प बसले. त्यांचं बरोबर होतं. जिला इतकी माणसं इतक्या निष्ठेने भाजत आली, दळत आली, तिला नकली म्हणायचा हक्क मला कुणी दिला नव्हता. गव्हाच्या कॉफीत तरतरी आणणारं काही नाही हे खरं. पण रात्री नऊ वाजता अंगणात बसून पिता येणारी, लहान मुलाच्या वाटीतही ओतता येणारी कॉफी दुसरी कुठे आहे?

आत्याबाईंनी जातं पुसलं. वरची तळी दोघींनी उचलली, तेव्हा त्यांनी मधल्या खुंटीला चिंधीची एक घडी गुंडाळली. तळी जरा उंच राहिली म्हणजे दाणा भरडतो, पीठ होत नाही. डाळ करायची जुनी युक्ती. खालच्या दगडावरच्या टाकीच्या खुणा बऱ्याच बुजल्या होत्या. आता टाकी लावणारा वर्षानुवर्षं फिरकत नाही. मूठभर बिया जात्याच्या तोंडात घातल्या, खुंट्याला दोघींचे हात लागले, आणि पहिल्याच फेऱ्यात असा काही वास उठला की शेजारची सून कुंपणावरून डोकावली.

तळीच्या कडेने तुकडे पडायला लागले. त्यात साल होती, चंदेरी, नखाएवढी, भुरभुरणारी. आत्याबाईंनी भरडा सुपात घेतला. मी म्हटलं, जपून, पूड उडेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोजच्या जोराने झटका दिला असता तर निम्मा माल अंगणात गेला असता. त्यांनी मनगट नुसतं हलवलं, पाळण्याला झोका द्यावा तसं. साल सुपाच्या तोंडाशी आली. मग त्यांनी वाकून एक फुंकर घातली, आणि साल तेवढी निघून गेली. आयुष्यात कॉफीची बी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हाताळली होती.

दुसऱ्यांदा दळताना चिंधी काढली. जातं सावकाश फिरत होतं. मी दगडाला हात लावून पाहिला, गार होता. दोन म्हाताऱ्या-तरण्या हातांच्या वेगाने तो तापणार तरी किती? नागपूरच्या रुळांना ज्यासाठी पाणी पाजावं लागतं ते इथे आमच्या दमण्यातच होऊन जात होतं. अर्धा किलोला दीड तास लागला. माझा दंड दोन दिवस दुखला. रोज असं दळून कुणी दुकान चालवू शकणार नाही, आणि आजीच्या पिढीच्या बायकांचे खांदे या दगडाने कसे झिजवले तेही मी पाहिलं आहे. गिरणी गावात आली तेव्हा त्या आनंदल्या, आणि तो आनंद योग्यच होता.

कॉफी झाली. आत्याबाईंनी एक घोट घेतला, कप बाजूला ठेवला. "कडू हाय," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

संध्याकाळी जातं साफ करायचं राहिलं होतं. दगडाच्या खाचांत कॉफी बसली की धुऊन जात नाही, त्यावरून काहीतरी दळावंच लागतं. त्यांनी दोन मुठी गहू घातले. पीठ तपकिरी झाक असलेलं निघालं. मी ते टाकून द्यायला उचललं, तर त्यांनी हातातून घेतलं आणि कणकेच्या डब्यात मिसळलं. सकाळी निघताना त्यांनी पोळी-भाजी बांधून दिली. सेलूच्या पुढे बसमध्ये फडकं सोडलं तेव्हा पोळीला अगदी पुसट, जळक्या लाकडासारखा गोड वास होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कशाचं पीठ आहे वो हे?"

मी म्हटलं, "गव्हाचंच."