मी देते, मी देते!

परवा तुळशीबागेत एका रांगोळीवाल्याशी दहा रुपयांवरून माझे चांगले पाव तास भांडण झाले. तो साठ म्हणत होता, मी पन्नासाला चिकटून होते. मी दोनदा पाठ फिरवून चालू लागले, त्याने दोनदा परत बोलावले. शेवटी पंचावन्नावर तह झाला आणि आपणच जिंकलो ह्या समाधानात आम्ही दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला.

ह्यात सांगण्यासारखे काही नाही. पुण्यातल्या बाईने तुळशीबागेत घासाघीस केली, ही काही बातमी नव्हे. सांगण्यासारखे आहे ते पुढेच. त्याच दिवशी, त्यानंतर दोन तासांनी, त्याच पर्समध्ये हात घालून मी दुसरे भांडण केले. आणि तेही पैसे कमी द्यावे लागावेत म्हणून नव्हे, तर सगळे पैसे मला एकटीलाच देऊ द्यावेत म्हणून! आमच्या ह्यांना ह्या गोष्टीचा उलगडा आजवर झालेला नाही. "दुपारी पाच रुपये वाचवायचे आणि संध्याकाळी पाचशे उधळायला भांडायचं, ही कुठल्या बँकेतली पद्धत?" असे ते दर वर्षी विचारतात. मी बँकेत ३८ वर्षे नोकरी केली आहे, हा त्या प्रश्नातला टोमणा.

त्यांना उत्तर द्यायचे, तर आधी आम्हां चौघींची ओळख करून द्यायला हवी.

आम्ही चौघी हुजूरपागेच्या. १८८४ साली सुरू झालेली आमची ही शाळा पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर उभी आहे. आमच्या चालण्यात आणि खिदळण्यात त्या जागेचा गुण उतरला आहे, असे आमचे वडील म्हणत. १९७२ साली आम्ही अकरावी मॅट्रिक झालो आणि चार दिशांना पांगलो. एक डॉक्टर झाली, ती पिंपरीला असते. एकीने संसार केला. पण तो असा केला की दीर, जावा, सुना, जावई सगळे तिच्या हुकमाखाली. म्हणून ती आमची सेनापती. तिसरी शाळेत शिकवू लागली, ती मास्तरीण. आणि चौथी मी, बँकवाली.

दसरा झाला की दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत, एक दिवस ठरवून, दुपारी तीन वाजता आम्ही लक्ष्मी रस्त्यावर शाळेच्या फाटकाशी जमतो. हा नेम गेली तीसएक वर्षे चालू आहे. डॉक्टरीणबाई पूर्वी दोन बस बदलून घामाघूम होऊन यायच्या. २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो मंडईपर्यंत पोचली, तेव्हापासून त्या इस्त्री न मोडता येतात आणि उशीर झाला की सांगायला सबब नाही म्हणून हळहळतात.

खरेदीचे म्हणाल, तर यादी चौघींची असते आणि खरेदी यादीबाहेरची होते. यंदा डॉक्टरीणबाईंना एका साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस हवा होता. साडीचा रंग पोपटी म्हणावा तर शेवाळी वाटे, शेवाळी म्हणावा तर पोपटी. दुकानदाराने सतरा ठाण उलगडले. "बाई, इथल्या दिव्यात कळायचं नाही, बाहेर उजेडात बघा," असे तो म्हणाला. आणि मग लक्ष्मी रस्त्याच्या भर फुटपाथावर चार म्हाताऱ्या एक तुकडा उन्हात धरून उभ्या राहिल्या. चौघींची चार मते पडली. एका येणाऱ्याजाणाऱ्या गृहस्थांनी पाचवे दिले. अखेर डॉक्टरीणबाईंनी काळा तुकडा घेतला. काळा कशावरही जातो! घरून निघतानाही तो जातच होता. पण हे कळण्यासाठी सतरा ठाण उलगडावेच लागतात.

पुढे तुळशीबाग. इथल्या राममंदिराचे बांधकाम १७६१ साली सुरू झाले असे सांगतात. म्हणजे पानिपतचेच साल! त्या सालाचा गुण म्हणा, पण ह्या बोळात शिरलेल्या माणसाचा खुर्दा किती गेला ह्याची गणती आजही लागत नाही. सेनापती पुढे, तिच्यामागे आम्ही. पणत्या, उटणे, कंदील, नातीच्या बाहुलीसाठी इतकुशी पितळी भांडी, आणि जिचा घरी कुणालाही काही उपयोग नाही अशी निदान एक वस्तू, एवढी लूट जमा झाली की पाय दुखू लागतात आणि आम्ही मंडईकडे वळतो.

मंडईची ती दगडी इमारत १८८६ ची. नगरपालिकेने तिच्यावर एवढा पैसा घालू नये, तो शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीराव फुले सांगत होते. पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. मास्तरीण दर वर्षी तिथून जाताना ही गोष्ट आम्हांला सांगते आणि वर म्हणते, "बघा, बिलाला विरोध करणाऱ्याचंच नाव शेवटी राहतं!"

हे ती म्हणते, म्हणून गंमत. कारण बिलासाठी तिच्याइतकी हिरिरीने भांडणारी बाई मी पाहिलेली नाही.

मंडईजवळ एक जुने उपाहारगृह आहे, तिथे आमची संध्याकाळ होते. खाणे, गप्पा, सुनांची गाऱ्हाणी, गुडघ्यांची गाऱ्हाणी, पुन्हा खाणे. आणि मग बिल. बडीशेपेच्या बशीखाली दडवलेला तो कागद दिसला रे दिसला की चार सभ्य बायकांच्या अंगात येते. ह्या युद्धाचे प्रकार आहेत. सेनापतीचा प्रकार समोरासमोरचा : ती वेटरच्या हातातूनच कागद हिसकते. डॉक्टरीण शपथेवर येते. "माझ्या गळ्याची शपथ" असे म्हणून ती स्वतःचा गळा अशा जागी धरते की वैद्यकीय ज्ञानाचा संशय यावा. मी कायद्याने भांडते : "मागच्या वर्षी तू दिलंस, त्याच्या मागच्या वर्षी हिनं दिलं, म्हणजे यंदा माझी पाळी." आणि मास्तरणीचा गनिमी कावा. ती हात धुवायला म्हणून उठते, गल्ल्याशी जाते, आणि आम्ही इकडे हातघाईवर आलेल्या असताना शांतपणे येऊन बसते. वेटर सांगतो, "बिल झालं, ताई." तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज येते, ते मी तिच्या लग्नातही पाहिले नव्हते.

२०१६ साली यूपीआय आले आणि पुढे हळूहळू ह्या रणांगणाचे रूप पालटले. पानवाल्यापासून पणतीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या पुढ्यात तो काळापांढरा चौकोन आला. नातवाला मी एकदा विचारले, "तुम्ही मित्र हॉटेलात गेलात की बिल कोण देतं रे?" तो म्हणाला, "आम्ही काँट्री काढतो, आजी. जेवढ्यास तेवढं, लगेच फोनवर." मला त्याची व्यवस्था आवडली आणि थोडी कीवही आली. सगळ्यांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला, तर पुन्हा भेटायला निमित्त काय उरणार?

पण ह्या फोनने मला गेल्या वर्षी जो धडा शिकवला, तो ह्याहून वेगळा होता.

गेल्या वर्षाची गोष्ट अशी. मास्तरणीच्या यजमानांना त्याआधीच्या हिवाळ्यात मोठे दुखणे आले. दवाखाना, औषधे, घरी ठेवलेला माणूस. तिची शाळा विनाअनुदानित, तेव्हा पेन्शन नाही. तिने एका शब्दाने सांगितले नाही, पण मैत्रिणींना कळायचे राहत नाही. त्या दिवशी तिने रांगोळीही घेतली नाही. "घरी आहे गेल्या वर्षीची," म्हणाली. मी मनाशी ठरवले, की यंदा बिलाची वेळच येऊ द्यायची नाही. मिसळ, थालीपीठ, कोथिंबिरीच्या वड्या, चार पियूष असे सगळे झाल्यावर मी आधीच उठले, गल्ल्याशी गेले आणि गुपचूप फोन लावला. गनिमी काव्याने, अगदी तिच्याच पद्धतीने.

पण मावळ्यांच्या काळी बोलका डबा नव्हता. गल्ल्यावरची ती पेटी खणखणीत मराठीत ओरडली : "आठशे चाळीस रुपये प्राप्त झाले!" मी वळले, तर माझ्यामागे दोन पावलांवर मास्तरीण उभी. हातात तिचे ते जुने कशिद्याचे पाकीट, अर्धे उघडलेले.

ती भांडली नाही. पाकीट मिटून परत येऊन बसली. त्या दिवशी आमच्या टेबलावर प्रथमच भांडण झाले नाही. आणि कुणाला बोलायलाही काही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा भाचा एक पाकीट देऊन गेला. आत शंभराच्या दोन नोटा, दहाची एक, आणि तिच्या सुवाच्य अक्षरात दोन शब्द : 'हिशेब पूर्ण.' बँकेत हे शब्द खातेदाराने लिहून दिले, की आम्ही खूष होत असू. त्या दिवशी मात्र ते वाचून माझा घास घशात अडकला.

वर्षभर ती फोनवर बोलली, पण सणावारापुरती. यंदा दसऱ्याला मी विचारले, "मग कधी जमायचं?" तर म्हणाली, "तुम्ही तिघी जा गं. माझा गुडघा धरलाय."

गुडघा माझाही धरला आहे. तो काय मैत्रीच्या आड येतो? मी रिक्षा केली आणि तिच्या घरी जाऊन थडकले. तिने चहा टाकला. तिचे यजमान आता काठी घेऊन घरातल्या घरात हिंडत होते, त्यांनी हसून स्वागत केले. मी पर्समधून ते पाकीट काढून तिच्यापुढे ठेवले. वर्षभर ते माझ्या कपाटात तसेच पडून होते.

"हे घे तुझे दोनशे दहा," मी म्हटले. "न भांडता मिळालेला पैसा मला पचत नाही."

ती बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तू मला खाऊ घातलंस ह्याचं मला वाईट नाही वाटलं गं. मैत्रिणीनं नाही घालायचं तर कुणी? पण तू माझ्याशी भांडली नाहीस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू मला भांडणातून वगळलंस. जिच्याजवळ काही नाही असं वाटतं, तिच्याशी कोण भांडणार?"

मला उत्तर सुचले नाही. मी चुकले होते, एवढेच सांगितले. तिने डोळे पुसले, पाकीट उचलून आपल्या पर्समध्ये टाकले आणि विचारले, "बुधवारी तीन वाजताच ना?"

तर परवाचा तो बुधवार. रांगोळीवाल्याशी पंचावन्नावर तह करताना माझ्या बाजूने मास्तरीणच वकिली करत होती. उपाहारगृहात मेनूकार्ड तिने आधी आपल्या हाती घेतले आणि फर्मावले, "ह्या वर्षी नुसता चहा आणि कांदाभजी. डॉक्टरीणबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलंय." भज्यांनी कोलेस्टेरॉल कसे उतरते हे डॉक्टरीणबाईंनी विचारले नाही, सेनापतीने तर हुकूम निमूटपणे मानला, जे तिच्या घरी कुणी सांगूनही खरे मानणार नाही.

दोन बशा भजी, चार चहा. बडीशेपेच्या बशीखाली कागद आला : २६० रुपये. आणि मग मी भांडले. मुद्दाम हरायचे असे घरून ठरवून आले होते, खरे सांगते. पण मास्तरणीने कागदावर झडप घातली तेव्हा माझे रक्त उसळले आणि मी जिंकण्यासाठीच भांडले. पाळीचा मुद्दा काढला, वयाचा काढला (मी तिच्याहून चार महिन्यांनी मोठी), तिचे मनगटही धरले. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरे फोन खाली ठेवून पाहू लागली. एवढ्यात सेनापतीने मला मागून धरले आणि ती निसटली. गल्ल्यावर तिने पाकिटातले दोनशे दहा आणि पर्समधले पन्नास मोजून ठेवले. रोख. पेटी मुकी राहिली.

ती परत आली तेव्हा तेच तेज चेहऱ्यावर होते. मस्तानीचे पैसे कुणी द्यायचे ह्यावरून नंतर आणखी एक लढाई झाली आणि ती डॉक्टरीणबाईंनी शपथेवर जिंकली, पण ते असो.

मंडईच्या मेट्रोपाशी निरोप घेताना मास्तरीण माझ्या कानाशी लागली. "पुढच्या वर्षी तुझी पाळी हं. मागची बाकी आहे तुझ्याकडे, विसरू नकोस."

बँकेत ३८ वर्षे मी लोकांच्या मागच्या बाक्या वसूल केल्या. आपल्या नावावर बाकी राहिल्याचा एवढा आनंद मात्र मला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच झाला. घरी आल्यावर ह्यांनी विचारले, "काय, किती उधळून आलात?" मी म्हटले, "काही नाही. यंदा उधारीवर आले!"