साडेचारची कॉफी

आमच्या घरात कॉफी करणारे यंत्र आहे, हे सांगताना आम्हांला अजूनही थोडे ओशाळल्यासारखे होते. इंदूरचे घर म्हटले की सकाळी पोहे आणि चहा. पाहुणा कोणत्याही वेळी येवो, त्याच्यापुढे चहाच यायचा. अशा घराच्या ओट्यावर एका वेळी एकच कप कॉफी गाळणारे, विजेवर चालणारे, परदेशी घाटाचे यंत्र पाहून आमचे शेजारी प्रथम हसले आणि मग त्याची किंमत विचारू लागले. पण ते यंत्र घरात आले त्याला कारण होते. आणि गेल्या फाल्गुनात ते बिघडले तेव्हा जे कळले ते कोणाला तरी सांगावे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणतात, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पहाटे साडेचारला उठणे हा त्यांचा उभ्या आयुष्याचा नेम. आई होती तोवर तीही त्यांच्याबरोबर उठे आणि जायफळ घातलेली दुधाची कॉफी करून देई. जायफळावाचून जी होते तिला आई कॉफी म्हणतच नसे. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून अण्णा स्वतःच गॅसवर आधण ठेवू लागले. सुनेला अपरात्री उठवायचे नाही, हा त्यांचा बाणा. त्यांच्या हातांना कंप आहे. थंडीतल्या एका पहाटे शेगडीचे बटण फिरले, पण ज्योत काही लागली नाही, आणि अण्णा लागली असे समजून देवघरात गेले. सौभाग्यवतीला वासाने जाग आली म्हणून निभावले.

त्या सकाळी आम्ही अण्णांना जे बोललो ते वडिलांशी बोलण्याचे बोलणे नव्हते. आमचे आयुष्य शाळेत गेले. उशिरा आलेल्या मुलाला दारात उभे करून जसे विचारावे तसे आम्ही विचारले, आणि "आजपासून गॅसला हात लावायचा नाही" असा हुकूमही सोडला. अण्णांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते साडेचारला उठत आणि सहा वाजेपर्यंत अंधारात बसून राहत.

पुण्यास नोकरीला असलेल्या आमच्या कन्येला हे कळले, आणि महिनाभरात तिने ते यंत्र पाठवले. त्यात ज्वाला नाही, उतू जाणे नाही, करपणे नाही. टाकीत पाणी घालायचे, कॉफीची पूड भरलेली बंद डबी, म्हणजे कॅप्सूल, खाचेत ठेवायची, दांडा खाली ओढायचा आणि बटण दाबायचे. ही युक्ती मूळची स्वित्झर्लंडची. तेथील नेस्ले कंपनीने १९८६ साली नेस्प्रेसो या नावाने ती बाजारात आणली. पुढे अनेक कंपन्यांनी आपापल्या तऱ्हा काढल्या. आमचे यंत्र अशाच एका निराळ्या घराण्यातले. आतली रचना साधी आहे. एक चिमुकला पंप टाकीतले पाणी ओढतो आणि तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातील अरुंद नळीतून पुढे ढकलतो. ते कढत पाणी एका पोकळ सुईवाटे डबीत शिरते आणि पूड भिजवून कपात उतरते. अण्णांनी ते दोन दिवसांत आत्मसात केले. सौभाग्यवती आठवड्याचे जायफळ किसून एका डबीत ठेवी, शेजारी दुधाची भुकटी. वापरलेल्या कॅप्सुलेचे मात्र कोडे पडले. आमच्या शहराने २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ओला कचरा कोणता नि सुका कोणता यावर इंदुरी माणूस शास्त्रार्थ करू शकतो. परंतु बाहेरून धातू आणि आतून ओला चोथा असा हा पदार्थ कोणत्या खान्यात टाकावा? अण्णांनीच तोड काढली. डबी फोडून चोथा तुळशीच्या कुंडीत आणि धातू धुऊन सुक्या कचऱ्यात. हे काम ते थरथरत्या हातांनी रोज सकाळी अर्धा तास करीत, आणि आम्हांला वाटते, त्यांना ते कॉफीइतकेच आवडत असावे.

वर्षभर सारे सुरळीत चालले. मग फाल्गुनात यंत्र कुरकुरू लागले. प्रथम कप भरायला वेळ लागू लागला. मग घशात काही अडकल्यासारखा घरघराट येऊ लागला. पुढे अर्धाच कप भरे, तोही कोमट; आणि एके दिवशी नारिंगी दिवा उघडझाप करू लागला तो थांबेचना.

आम्ही एम. ए. मराठीचे, यंत्रविद्येशी आमचा संबंध सायकलच्या साखळीपुरता. तरीही घरातील कर्ता पुरुष म्हणून तपास हाती घेतला. वीज नीट आहे का, हे दुसऱ्या खटक्यावर लावून पाहिले, होती. टाकी काढून पुन्हा बसवली, कारण टाकी रिकामी राहिल्यास पंपात हवा अडकते आणि नुसता आवाज होतो, पाणी येत नाही, असे कोणी तरी सांगितले होते. आवाज होताच, पण थोडे पाणीही येत होते. म्हणजे हवेचा दोष नव्हे. मग वायर काढून ठेवून सुईचे भोक शिवणाच्या टाचणीने साफ केले. कॉफीचा चिकट गाळ निघाला आणि तो निघाल्याचा आनंदही झाला, पण दिवा उघडझाप करीतच राहिला. शेवटी कॅप्सूल न घालता नुसतेच पाणी सोडून पाहिले. तेव्हाही धार करंगळीच्या नखाएवढी! यावरून इतके तरी सिद्ध झाले की दोष कॉफीत नाही आणि सुईतही नाही. तो यंत्राच्या पोटात आहे. विक्रेत्याच्या सेवा केंद्राला दूरध्वनी केला, तर पलीकडच्या गृहस्थाने दुरुस्तीपेक्षा नवे घेणे कसे किफायतीचे ते समजावून सांगितले. त्याच वेळी शाळेत वार्षिक परीक्षा आल्या, आणि यंत्र ओट्यावर तसेच पडून राहिले.

या साऱ्या काळात अण्णा काय म्हणत होते? काहीच नाही. पहिल्या दिवशी आम्ही म्हणालो, "अण्णा, होईल दुरुस्त." ते म्हणाले, "असू दे रे. मला हल्ली कॉफी सोसतच नाही. पित्त होते." आम्ही ते खरे मानले. खरे मानणे सोयीचे होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर होते. अकराव्या दिवशी सौभाग्यवती म्हणाली, "अण्णांना पित्त झालेले नाही. ते साडेचारला स्वयंपाकघरात येतात, त्या यंत्रापुढे खुर्ची घेऊन बसतात आणि उजाडले की उठून जातात. मी दोनदा पाहिले." आम्ही विचारले, "मग मला आधी का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "तुम्हांला सांगू नकोस म्हणाले."

त्याच संध्याकाळी आम्ही गल्लीच्या तोंडाशी मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला घरी आणले. कॉफीचे असले यंत्र त्याने यापूर्वी पाहिलेले नव्हते, ही गोष्ट त्याने प्रथमच प्रामाणिकपणे सांगितली. पण त्याने आमच्यासारखी वरून सुरुवात केली नाही. पाण्याची टाकी काढली, उजेडात धरली, तळाशी बोट फिरवले आणि बोटाला लागलेली पांढरी भुकटी आमच्यापुढे केली.

"सर, इसमें पानी कौन सा डालते हो?"

"नर्मदेचे," आम्ही ठामपणे म्हणालो.

"ये नर्मदा का नहीं है सर. ये बोरिंग का है. अंदर चूना जम गया."

दारातून आवाज आला, "बोरिंगचेच आहे. मीच घालतो." अण्णा उभे होते.

येथे इंदूरच्या पाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. (कूपनलिका हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो, घरी बोरिंगच म्हणतो.) एके काळी हे शहर यशवंतसागर आणि बिलावलीच्या पाण्यावर जगे. वस्ती वाढली, तलाव पुरेनात. १९७० साली नर्मदेचे पाणी इंदूरला आणा म्हणून आंदोलन झाले. अण्णा तेव्हा ऐन तारुण्यात होते. मोर्चांतून चालले, घोषणा देऊन घसा बसवून घेतला. १९७८ साली, मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर वाहून आणि विंध्याचा घाट पंपांनी चढवून, नर्मदा इंदूरला आली. आमच्या नळाला ती प्रथम आली त्या दिवशी आईने घागरीला हळदकुंकू वाहिले होते, हे आम्हांला लख्ख आठवते. आजही आमच्या वस्तीत ते पाणी एक दिवसाआडच येते. ते पिण्याला आणि देवाला, धुण्याभांड्यांना बोरिंगचे.

आणि बोरिंगचे पाणी म्हणजे माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले. वाटेत ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. थंड असते तोवर क्षार पाण्यात दडून राहतात. पाणी तापले की चुनखडीच्या रूपाने बाहेर पडतात आणि जेथे तापले तेथेच चिकटतात. गीझर लवकर निकामी होतो तो याच कारणाने. यंत्राच्या त्या अरुंद नळीत वर्षभर थरावर थर बसले. वाट अरुंद झाली म्हणून धार बारीक. आणि चुन्यातून उष्णता नीट जात नाही म्हणून कॉफी कोमट.

माहितीपुस्तिकेत हे सारे लिहिले होते. तिच्यासोबत पाण्याचा जडपणा मोजण्याची कागदी पट्टीसुद्धा आली होती. ती पट्टी आम्हांला त्याच रात्री सापडली. वर्षभर आम्ही तिचा उपयोग पुस्तकात खूण म्हणून करीत होतो. प्रश्नपत्रिका आधी संपूर्ण वाचा, असे मुलांना तीस वर्षे सांगणाऱ्या माणसाची ही गत!

"पण अण्णा, बोरिंगचे का?" आम्ही विचारले. या वेळी हळू विचारले.

"नर्मदा एक दिवसाआड येते. माझ्या एकट्याच्या चैनीला ती कशाला नासायची?" ते म्हणाले. आणि थोडे थांबून, "बिघडले तेव्हाच माझ्या लक्षात आले होते, माझ्याच हातून काही चुकले असणार. सांगितले असते तर हेही बंद झाले असते. गॅस गेला, तसे हे."

कारागीर टाकी पुसत राहिला. आम्हांला काय बोलावे ते सुचले नाही.

उपाय मात्र दहा रुपयांचा निघाला. किराण्याच्या दुकानात निंबूचे फूल म्हणून जे मिळते, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ते दोन चहाचे चमचे अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून टाकीत भरले. कॅप्सूल न घालता अर्धे पाणी यंत्रातून काढले, वीस मिनिटे तसेच राहू दिले, मग उरलेले काढले. पहिल्या खेपेला गढूळ पांढरे पाणी आणि खपल्या आल्या, दुसऱ्या खेपेला धार मोकळी झाली. मग साध्या पाण्याच्या तीन टाक्या सोडून आंबटपणा घालवला. व्हिनेगरही चालते म्हणतात, पण त्याचा वास मागे राहतो. कारागिराने पैसे घेण्याचे नाकारले. त्याच्या मते त्याने केवळ बोट फिरवले होते. सौभाग्यवतीने त्याला चहा पाजला. नारिंगी दिवा विझला.

झोपण्यापूर्वी आम्ही नर्मदेच्या पाण्याचा एक तांब्या भरून यंत्राशेजारी झाकून ठेवला. अण्णा पाहत होते. गॅसच्या त्या सकाळबद्दल काही बोलावे, असे मनात होते. प्रत्यक्षात आम्ही म्हणालो, "दर दोन महिन्यांनी निंबूच्या फुलाने साफ करावे लागेल."

"मी करीन," ते म्हणाले. "तेवढे जमेल मला."

पहाटे आम्हांला जाग आली ती यंत्राच्या आवाजाने. घरघराट गेला होता. पंप एका सुरात चालत होता. तो थांबला. आम्ही अंथरुणात पडून राहिलो. मग दांडा वर गेल्याचा, पुन्हा खाली आल्याचा आवाज झाला आणि पंप दुसऱ्यांदा सुरू झाला. अण्णा एका कपावर दुसरा कधीच घेत नाहीत. आम्ही उठलो. स्वयंपाकघरात दिवा होता, आणि टेबलावर दोन कप. जायफळ अंमळ जास्त पडले होते. हाताच्या कंपाने पडते. आम्ही समोरची खुर्ची ओढून बसलो, आणि बाहेर उजाडेपर्यंत अण्णा १९७० च्या मोर्चाविषयी बोलत होते.